होसे मारिया आणि मारिया होसे

एक कबुली देऊन सुरुवात करतो. दोन वर्षांपूर्वी मी स्पेनमधल्या एका भावाला आणि बहिणीला एकच माणूस करून टाकलं होतं. तेही फक्त आठ ओळींच्या कोडमध्ये.

झालं असं. क्लायंटची औषध दुकानांची साखळी. वेगवेगळ्या छोट्या दुकानांचा जुना डेटा एका डेटाबेसात आणायचा आणि त्यातली डुप्लिकेट गिऱ्हाइकं काढायची, एवढंच काम होतं. डीडुप्लिकेशन मी आधीच्या प्रोजेक्टमध्ये केलेलं, त्यामुळे कॉन्फिडन्स भरपूर (हाच तर प्रॉब्लेम!). आपल्याकडे एका यादीत 'संदीप पाटील' असतो, दुसऱ्या यादीत 'पाटील संदीप'. म्हणून नावातले सगळे शब्द सुटे करायचे, अक्षरांवरची टोपी-टिकली काढायची, शब्द अकारविल्हे लावायचे आणि मग तुलना करायची, ही माझी आवडती युक्ती. इथेही तेच केलं. वर पिनकोड आणि घरचा फोन नंबर जुळला की झालं. जन्मतारखा निम्म्या रेकॉर्ड्समध्ये नव्हत्याच. दोन रेकॉर्ड जुळले तर जे ताजं ते ठेवायचं.

तिसऱ्या दिवशी एका दुकानातल्या फार्मासिस्ट बाईंचा निरोप आला. त्यांच्या गावातली मारिया होसे नावाची एक बाई सिस्टीममधून गायब झाली होती. तिच्या जागी तिचा भाऊ होता, होसे मारिया. आईवडील तेच म्हणून आडनावं तीच, घर तेच, फोन तोच. भावाचं रेकॉर्ड ताजं, म्हणून ते राहिलं. बहिणीच्या रेकॉर्डवर पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी नोंदवलेली होती, ती गेली. नशीब एवढंच की त्या बाई दोघांना लहानपणापासून ओळखत होत्या, आणि डॉक्टरची चिठ्ठी घेऊन बहीण आली तेव्हा काउंटरवर त्या स्वतः होत्या.

रोलबॅक केला. मग शोधल्यावर अशा आणखीही जोड्या सापडल्या. कॉलवर मी जरा वैतागूनच म्हणालो, की एकाच घरात भावाचं आणि बहिणीचं नाव सारखंच कोण ठेवतं? पलीकडून स्पेनच्या टीमचा लीड शांतपणे म्हणाला, "सारखं नाहीये. माझं नाव पण होसे मारियाच आहे, आणि मला अजून कोणी बाई समजलेलं नाही."

त्याला आम्ही सगळे आठ महिने 'चेमा' म्हणत होतो. चेमा हे त्याचं आडनाव असेल अशी माझी प्रामाणिक समजूत होती!

तर त्या विकांतापासून मी या नावाच्या मागे लागलो आहे. जालावर जमेल तितकं वाचलं, चेमाचं डोकं खाल्लं. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतो.

आधी उच्चार. स्पॅनिशमध्ये जोसेचा 'ज' नसतो, तो घशातून येणारा 'ह' असतो, खरं तर 'ख'च्या जवळचा. आणि दुसरी गंमत म्हणजे असं जोडनाव बोलताना पहिल्या शब्दावरचा आघात निघून जातो. नुसतं 'होसे' म्हणताना 'से'वर जोर येतो, पण 'होसे मारिया' म्हणताना सगळा जोर शेवटच्या 'री'वर. म्हणजे कानाला तो एकच शब्द आहे, लिहिताना मात्र मध्ये जागा. माझ्या कोडने नेमकी त्या जागेवर कुऱ्हाड चालवली होती.

आता मुख्य प्रश्न. पुरुषाच्या नावात मारिया काय करते?

आपल्याला हे वाटतं तितकं परकं नाही. सीताराम, गौरीशंकर, लक्ष्मीनारायण, राधाकृष्ण ही सगळी धडधडीत पुरुषांची नावं, आणि त्यात देवी आधी. सीताराम नावाच्या माणसाला आपण कधी विचारत नाही की बाबा, तुझ्या नावात सीता कशाला? फक्त आपल्याकडे उलटा क्रम लावून मुलीचं नाव होत नाही. रामसीता नावाची मुलगी मला तरी भेटलेली नाही. स्पॅनिशमध्ये ते होतं. होसे म्हणजे जोसेफ, मारिया म्हणजे मेरी, येशूचे आईबाप. होसे आधी आला तर मुलगा, मारिया आधी आली तर मुलगी. पहिला शब्द लिंग ठरवतो, दुसरा भक्तीपोटी येतो.

पण हे फार प्राचीन असेल असं वाटत असेल तर थांबा. मलाही तसंच वाटलं होतं. मध्ययुगातल्या कास्तीलमध्ये मारिया नावाच्या बायका भरपूर. तेराव्या-चौदाव्या शतकात राज्याचा गाडा ओढणारी राणी मारिया दे मोलिना तर प्रसिद्धच आहे. पण होसे नावाचा ख्रिस्ती माणूस त्या काळात शोधून सापडायचा नाही. पेद्रो, हुआन, फेर्नांदो, अल्फोन्सो, रोद्रिगो, दिएगो हे सगळे आहेत. होसे नाही. आज ज्या नावाशिवाय स्पेनची कल्पना करता येत नाही ते नाव तेव्हा जवळपास नव्हतंच!

कारण जोसेफ या संतालाच भाव नव्हता. मध्ययुगीन चित्रांत तो बघा. कोपऱ्यात बसलेला, पांढऱ्या दाढीचा, पेंगुळलेला म्हातारा. मुख्य प्रसंगाशी काही देणंघेणं नसल्यासारखा. मेरीचं कौमार्य अबाधित दाखवायचं तर नवरा म्हातारा आणि निरुपद्रवी दाखवणं सोयीचं होतं. थोडक्यात, लग्नाच्या फोटोत मागे उभा असलेला काका.

हे बदलायला पंधरावं शतक उजाडलं. पॅरिसच्या झाँ जेर्सों या पंडिताने जोसेफवर लांबलचक लॅटिन काव्य लिहिलं आणि १४१६ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत त्याची बाजू मांडली. १४७९ मध्ये पोप चौथा सिक्स्टस याने १९ मार्च हा जोसेफचा सण रोमच्या पंचांगात घातला. पण स्पेनपुरतं बोलायचं तर खरं श्रेय एका बाईचं आहे, आविलाची संत तेरेसा.

तेरेसा विशीत असताना भयंकर आजारी पडली, अंग लुळं पडून जवळजवळ तीन वर्षं अंथरुणाला खिळली. बरी झाली ती जोसेफच्या कृपेने, असं तिने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, आणि कोणाचा विश्वास बसत नसेल तर स्वतः करून बघा असं जवळपास आव्हानच दिलं आहे. (हे वाचून मला आपल्याकडच्या व्रतकथांची फलश्रुती आठवली.) १५६२ मध्ये तिने आविला गावात पहिला मठ काढला, त्याचं नाव सान होसे. पुढे मरेपर्यंत देशभर मठ काढत हिंडली, त्यातल्या अर्ध्याहून जास्त मठांना जोसेफचंच नाव. तिचा सहकारी फादर ग्रासियान याने १५९७ मध्ये जोसेफवर अख्खं पुस्तक छापलं. शंभरेक वर्षांत चित्रं बदलली. मुरिय्योच्या कुंचल्यातला सतराव्या शतकातला जोसेफ पाहा. तरुण, देखणा, बाळाला कडेवर घेतलेला बाप. १६२१ मध्ये पोप पंधरावा ग्रेगरी याने १९ मार्चचा सण पाळणं सगळ्यांना सक्तीचं केलं.

एका माणसाचं असं रीब्रँडिंग मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट झाली, आणि ती माझ्यासारख्या डेटाबेसवाल्याच्या जास्त जिव्हाळ्याची. त्याआधी बाप्तिस्म्याची नोंद ठेवायची सार्वत्रिक पद्धत नव्हती. स्पेनमध्ये कार्डिनल सिस्नेरोस याने १४९८ मध्ये तालावेरा इथल्या सभेत आपल्या हद्दीतल्या पाद्रींना हुकूम दिला की बाप्तिस्म्याची वही घाला. ट्रेंटच्या परिषदेनंतर (१५४५ ते १५६३) अशा वह्या सगळीकडे आल्या, आणि १५६६ च्या रोमन कॅटेकिझममध्ये सांगितलं गेलं की मुलाला संताचंच नाव द्यावं. म्हणजे एकाच शतकात टेबल तयार झालं आणि कॉलममध्ये काय भरायचं याचं व्हॅलिडेशनही लागलं.

संतांची नावं हजारो, पण लोकांना हवी ती मोजकीच. गावात जिकडेतिकडे होसे आणि जिकडेतिकडे मारिया होऊ लागल्या. मग ओळखायचं कसं? त्यातून जोडनावं फोफावली. होसे अंतोनियो, होसे लुईस, होसे मानुएल. मारियाचं तर याहून मजेशीर. मेरीच्या एकेका रूपाचं नाव मागे लावायचं. मारिया दे लोस दोलोरेस म्हणजे दुःखांची मेरी, मारिया देल पिलार म्हणजे खांबावरची मेरी, मारिया दे लास मेर्सेदेस म्हणजे करुणेची मेरी, मारिया देल कार्मेन म्हणजे कार्मेल डोंगराची मेरी. जसं आपल्याकडे देवी एकच, पण कोल्हापूरची अंबाबाई वेगळी, तुळजापूरची भवानी वेगळी. रोजच्या वापरात मारिया गळून पडायची आणि राहायची नुसती दोलोरेस किंवा मेर्सेदेस. दोलोरेस या शब्दाचा सरळ अर्थ 'वेदना', आणि तरी कोट्यवधी बायकांनी ते नाव मिरवलं. तिचं लाडाचं नाव लोला.

या सगळ्या जोडनावांत होसे किंवा मारिया हा प्रीफिक्स आणि खरी ओळख मागच्या शब्दात. मेक्सिकोने तर हे सरकारी नियमातच घातलं आहे. तिथे १९९६ पासून प्रत्येकाला कुर्प नावाचा अठरा अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. त्यातली पहिली चार अक्षरं नाव-आडनावांवरून बनतात. जोडनाव असेल आणि त्यातला पहिला शब्द मारिया किंवा होसे असेल, तर तो सोडून दुसऱ्या शब्दाचं अक्षर घ्यावं असा नियम आहे. कारण उघड आहे. नाहीतर अर्ध्या देशाला एकच अक्षर! हा नियम ज्या कोणा कारकुनाने लिहिला त्याला माझा दंडवत. मला हे आधी माहीत असतं तर...

असो. आता 'होसे मारिया'कडे परत या आणि बघा काय झालंय. इथे दोन्ही बाजूंना प्रीफिक्सच आहेत! ओळख पटवणारा शब्दच नाही. म्हणजे जोडनावांचा जो व्यवहारी उपयोग म्हणून मी वर सांगितला, तो इथे लागूच पडत नाही. एकाच गावात दहा होसे मारिया असणार. तरीही हे नाव टिकलं, म्हणजे ते ओळखीसाठी नव्हतंच, ते निव्वळ भक्तीसाठी होतं. येशू, मारिया आणि होसे हे पवित्र कुटुंब एकत्र पुजायची लाट सतराव्या शतकापासून आली. आजही स्पॅनिश माणूस दचकला की तीनही नावं एका दमात घेतो, आपण "अरे देवा" म्हणतो तसं. त्यातली दोन नावं पोराच्या गळ्यात घातली की आईबापांचं काम झालं.

अठराव्या शतकात हे नाव अटलांटिकच्या दोन्ही काठांवर रुजलं. मेक्सिकोला, म्हणजे तेव्हाच्या 'नव्या स्पेन'ला, जोसेफ हा पालक संत १५५५ पासूनच मिळालेला होता, त्यामुळे तिकडे जमीन तयारच होती. (विषयांतर: आपले अर्धे मित्र ऑनसाइट म्हणून ज्या सॅन होजेला जातात, ते कॅलिफोर्नियातलं गाव स्पॅनिश लोकांनी १७७७ मध्ये याच संताच्या नावाने वसवलं. वसवणाऱ्या लेफ्टनंटचं नाव होसे होआकिन मोरागा. हेही जोडनावच. सिलिकॉन व्हॅलीच्या मुळाशी सुतार आहे म्हणा ना :-))

नावाचा सगळ्यात मोठा मानकरी मेक्सिकोचाच. होसे मारिया मोरेलोस, जन्म १७६५. गावचा पाद्री. स्पेनविरुद्धच्या लढ्यात उतरला आणि आधीचा नेता इदाल्गो मारला गेल्यावर लढ्याची सूत्रं याच्याकडे आली. १८१३ मध्ये त्याने चिल्पान्सिंगो इथे काँग्रेस भरवली, १८१५ मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. ज्या गावात तो जन्मला त्याचं नाव बदलून मोरेलिया झालं, एका राज्याचं नाव मोरेलोस आहे. कोलंबियात मेदेयीनला विमानाने उतरलात तर त्या विमानतळाचं नाव होसे मारिया कोर्दोवा, हा स्वातंत्र्ययुद्धातला सेनापती. इक्वेडोरचा पाच वेळा राष्ट्राध्यक्ष झालेला वेलास्को इबार्रा, हाही होसे मारिया. पेरूचा कादंबरीकार आर्गेदास, तोही. आणि स्पेनमध्ये? तिथे या नावाचा सगळ्यात लोकप्रिय माणूस बहुधा एक दरोडेखोर होता. होसे मारिया 'एल तेंप्रानिय्यो', १८०५ ते १८३३, अंदालुसियाच्या डोंगरात वाटमारी करणारा. पाद्री, सेनापती, राष्ट्राध्यक्ष, लेखक, दरोडेखोर. एवढ्या रांगड्या मंडळींच्या नावात मारिया आहे आणि कोणाला त्यात बायकी काही वाटलेलं नाही.

नुसत्या होसेचीही एक गोष्ट सांगतो, कारण ती सोडवत नाही. १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेन घेतला आणि आपला भाऊ जोसेफ याला गादीवर बसवलं. स्पॅनिशमध्ये तो होसे पहिला. लोकांनी त्याला नाव ठेवलं 'पेपे बोतेया', म्हणजे बाटलीवाला पेपे (पेपे हे होसेचं लाडकं रूप). इकडे काडिझमध्ये बंडखोरांनी स्पेनची पहिली राज्यघटना जाहीर केली, १९ मार्च १८१२ ला, म्हणजे नेमकी सान होसेच्या दिवशी. त्यामुळे घटनेचं टोपणनाव पडलं 'ला पेपा'. म्हणजे परका राजा पेपे आणि त्याच्या विरोधातली घटना पेपा!

पेपे या रूपाबद्दल तुम्हाला एक फॉरवर्ड हमखास येईल. जोसेफ हा येशूचा 'मानलेला बाप', लॅटिनमध्ये पातेर पुतातिव्हुस, त्याचं संक्षिप्त रूप पे.पे., म्हणून पेपे. ऐकायला झकास आहे, म्हणूनच मला संशय आला. होसेचं जुनं रूप होसेप. इटालियनमध्ये जुझेप्पेचं बेप्पे होतं, कातालानमध्ये जुझेपचं पेप. लहान मुलं शेवटचा तुकडा पकडून दोनदा म्हणतात, तसं पेप-पेपे. पटण्यासारखं हेच आहे. आणि चेमा? होसेचा 'से' बोबडा होऊन 'चे', मारियाची 'मा'. बास्क भागात होसेमारी म्हणतात. १९९४ आणि १९९९ ची मास्टर्स जिंकणारा गोल्फर ओलासाबाल तिकडचाच होसे मारिया.

आता बहिणीकडे येतो, कारण तिचं नाव उलट बरंच नवीन आहे. होसे हा शब्द बाईच्या नावात पूर्वी तसाच यायचा नाही. त्याचं स्त्रीरूप यायचं, होसेफा. एकोणिसाव्या शतकात जाल तर मारिया होसेफा सापडतील, राजा सातवा फेर्नांदो याची तिसरी बायको मारिया होसेफा अमालिया होती. म्हणजे भावाच्या नावात मारिया न बदलता आली, पण बहिणीच्या नावात होसेला साडी नेसवावी लागली. विसाव्या शतकात होसेफा, पेपा ही आजीबाईंची नावं वाटू लागली आणि साडी उतरवून मारिया होसे हे रूप पुढे आलं. मग मात्र त्याने धुमाकूळ घातला. १९६० आणि ७० च्या दशकांत जन्मलेल्या स्पॅनिश मुलींत हे नाव अगदी वरच्या काही नावांत आहे. आज स्पेनमध्ये होसे मारिया आणि मारिया होसे, दोन्हींची संख्या ढोबळमानाने दोन-दोन लाखांच्या आसपास. फार वाटतात? मारिया कार्मेन सहा लाखांच्या वर आहेत आणि पुरुषांतलं अव्वल जोडनाव होसे अंतोनियो साडेतीन लाखांच्या वर.

हे दिवस जनरल फ्रँकोच्या राजवटीचे होते, १९३९ ते १९७५. त्याच्या सरकारने १९३८ मध्येच, यादवी युद्ध चालू असताना, हुकूम काढला होता की नावं स्पॅनिशमध्येच नोंदवायची. कातालान नको, बास्क नको. जोर्दी नाही, होर्खे. चर्च आणि सरकार एकाच खुर्चीत बसलेलं, मूल बाप्तिस्म्याला न्यायचंच, त्यामुळे नावाचा सुरक्षित पर्याय कुठला, तर संतांचा. त्यातही सगळ्यात सुरक्षित होसे आणि मारिया. इतर भाषांतली नावं कायद्याने पुन्हा उघडपणे ठेवता आली ती १९७७ मध्ये, फ्रँको गेल्यावर. म्हणून या नावाच्या लोकप्रियतेत भक्ती किती आणि मुकाट्याने वागणं किती, याचा हिशेब मला मांडता येत नाही. चेमाला विचारलं तर म्हणाला, "माझ्या वडिलांना इन्याकी ठेवायचं होतं. आजी म्हणाली, कशाला कटकट."

कायद्यातल्या दोन कलमांनी तर मला जागेवर खिळवलं. स्पेनच्या जुन्या नोंदणी कायद्यात एक अट होती, की ज्या नावावरून 'एकत्रितपणे पाहता' लिंगाबद्दल गैरसमज होईल असं नाव ठेवता येणार नाही. 'एकत्रितपणे पाहता' हे शब्द महत्त्वाचे. मुलाचं नाव नुसतं मारिया चालणार नाही, पण होसे मारिया एकत्रितपणे पाहता पुरुषाचं आहे, म्हणून चालतं. म्हणजे तिथल्या कायद्याने शब्द सुटे करून सॉर्ट करायला अप्रत्यक्ष बंदीच घातली होती म्हणायची! आणि दुसरं कलम, जे आजही आहे: हयात भावंडाचं नाव दुसऱ्या भावंडाला देता येत नाही. जुन्या कायद्यात तर त्याचं दुसऱ्या भाषेतलं रूपसुद्धा चालत नव्हतं. एका घरात होर्खे असेल तर दुसऱ्याला जोर्दी म्हणता येत नव्हतं. पण होसे मारिया असताना मारिया होसे चालते. म्हणजे ही दोन वेगळी नावं आहेत यावर सरकारी शिक्का आहे. कॉलवर मी जो प्रश्न वैतागून विचारला होता, "सारखंच नाव कोण ठेवतं", त्याचं उत्तर त्यांच्या कायद्यात होतं: कोणीच नाही, परवानगीच नाही.

लेखी रूपात आणखी खड्डे आहेत. मारिया पूर्ण लिहायचा कंटाळा म्हणून सगळा स्पेन 'एम' आणि त्याच्या खांद्यावर बारकासा 'ए' असं लिहितो. तो बारका 'ए' हे स्वतंत्र अक्षरचिन्ह आहे. आमच्या डेटात ते कुठे नीट होतं, कुठे साधा 'ए', कुठे प्रश्नचिन्ह. आणि काही जण दोन शब्द जोडूनच टाकतात. ओपस देई संस्थेचा संस्थापक एस्क्रिवा याचा बाप्तिस्मा झाला होसे मारिया म्हणून. पुढे तो 'होसेमारिया' असं सलग सही करू लागला, कारण काय, तर जोसेफ आणि मेरीला वेगळं कशाला करायचं! २००२ मध्ये त्याला संतपद मिळालं तेही त्या सलग नावाने. आपल्या दृष्टीने हा एकच टोकन.

पोर्तुगीजांकडेही हेच नाव, फक्त ते ठसक्यात 'जुझे' म्हणतात. कादंबरीकार एसा द कैरोशचं पूर्ण नाव जुझे मारियापासून सुरू होतं. तोच उच्चार घेऊन तो संत आपल्या दारात आला आहे. गोव्यात सांव जुझे म्हणजे हाच. बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेले आणि २०१५ मध्ये संतपद मिळालेले जुझे वाझ हे त्याच नावाचे. आणि पणजीत सचिवालयाजवळ बाईवर हात रोखून उभा असलेला तो संमोहनवाल्या आबे फारियाचा पुतळा आठवतो? त्यांचं नाव जुझे कुस्तोदियो, जन्म कांदोळीचा, १७५६. मी त्या पुतळ्यासमोर किमान चार वेळा फोटो काढलेत, नाव कधी वाचलं नव्हतं.

नेटफ्लिक्सवर २०१८ मध्ये 'ला कासा दे लास फ्लोरेस' नावाची मेक्सिकन मालिका आली. त्यात एक वकील आहे, आधी होसे मारिया नावाचा नवरा, घटस्फोटानंतर परत येते ती मारिया होसे नावाची बाई म्हणून. दोन शब्दांची अदलाबदल, बाकी अक्षर न अक्षर तेच. भूमिका ट्रान्स कलाकाराला न देता पाको लेओन या पुरुष नटाला दिली म्हणून टीका झाली, आणि ती रास्त होती. पण नाव ज्याने निवडलं त्याने फार विचार करून निवडलं असणार. त्या घरात कोणाला नवीन नाव पाठ करावं लागत नाही. फक्त क्रम बदलून ते उच्चारायला तयार आहात का, एवढंच ठरवायचं. आणि माझ्या कोडला विचाराल तर या बाईच्या आयुष्यात काही घडलेलंच नाही.

स्पेनमध्ये आता हे नाव उतरणीला लागलं आहे. ८० च्या दशकापासून लोक सुटसुटीत एकेरी नावांकडे वळले. लॅटिन अमेरिकेत मात्र मारिया होसे अजून तरुण आहे, तिचं लाडकं रूप 'माहो', आणि चिलेत, कोणास ठाऊक कसं, 'कोते'.

कोड दुरुस्त केला. स्पेनच्या डेटासाठी शब्दांचा क्रम आता पवित्र आहे, जन्मतारीख नसेल तर मर्ज बंद, आणि अ‍ॅलर्जीचा कॉलम कुठल्याही परिस्थितीत ओव्हरराइट होत नाही, दोन्ही नोंदी राहतात. त्या बहिणीचं रेकॉर्ड मी स्वतः, हाताने, क्वेरी तीनदा वाचून परत घातलं. फार्मासिस्ट बाईंनी दुसऱ्या दिवशी एका ओळीत कळवलं की दिसतंय.

चेमाला मागच्या महिन्यात सहज विचारलं, तुझ्या मुलांची नावं काय रे? म्हणाला, उगो आणि लुसिया. एकेकच शब्द. मग म्हणाला, "तुझ्या सोयीसाठी."